पेटीतली पत्रं, पाकिटं आणि तिकिटं : जपायची कशी, मांडायची कशी?

आज आपण बोलणार आहोत आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेटीबद्दल. साड्यांची नाही हं, कागदांची पेटी. प्रत्येक घरात एक असतेच. त्यात जुनी पोस्टकार्डं, निळी इनलँड पत्रं, मनीऑर्डरीच्या पावत्या, लग्नपत्रिका आणि जमिनीचे कागद एकत्र गुंडाळून ठेवलेले असतात. घर पाडून नवं बांधायला काढलं, की सगळ्यात आधी हीच पेटी रद्दीवाल्याच्या हाती जाते. नवी मुंबईच्या आसपासच्या गावांत तर जुनी कौलारू घरं जाऊन चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासोबत अशा कितीतरी पेट्या गेल्या. म्हणून आज बघूया, पेटीतल्या पाकिटांवरची टपाल तिकिटं काय सांगतात, ती दमट हवेत टिकवायची कशी, चारचौघींत मांडायची कशी आणि त्यांच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीपासून दूर राहायचं कसं.

आधी तिकीट आलं कुठून ते थोडक्यात. पूर्वी पत्राचे पैसे बहुधा ज्याला पत्र मिळेल तो देत असे. पैसे नसले तर पत्र परत जायचं. १८४० साली इंग्लंडने नियम बदलला. पैसे पाठवणाऱ्याने आधीच भरायचे आणि भरल्याची खूण म्हणून पत्रावर एक छोटा कागद चिकटवायचा. हेच जगातलं पहिलं टपाल तिकीट. ते काळ्या रंगाचं आणि एक पेनीचं होतं. जर्मनीत पहिलं तिकीट बव्हेरिया राज्याने १८४९ साली काढलं, तेही काळंच. आपल्याकडे १८५२ साली ‘सिंध डाक’ नावाची तिकिटं निघाली. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. पुढे १८५४ साली सगळ्या हिंदुस्थानासाठी तिकिटं आली. बराच काळ आपली तिकिटं लंडनहून छापून यायची. नाशिक रोडचा सरकारी छापखाना १९२५ साली सुरू झाला आणि त्यानंतर तिकिटं आपल्या महाराष्ट्रात छापली जाऊ लागली.

आता एक गंमत. तिकिटांच्या छोट्या पुस्तिकाही असतात. लक्झेंबर्ग या छोट्या देशात १८९५ साली त्या निघाल्या आणि जर्मनीत १९१० साली आल्या. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, जाड कागदाचं वेष्टन असलेली आणि तारेच्या पिनेने किंवा दोऱ्याने शिवलेली ही पुस्तिका असते. आत तिकिटांची चार-पाच पानं असतात. तिकिटं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये पातळ कागद घातलेला असतो. बाईच्या पिशवीत किंवा बाप्याच्या खिशात सहज मावणारी. जर्मन पुस्तिकांमध्ये दुकानदारांच्या जाहिराती असायच्या. कधी कधी तर तिकिटांच्या पानावरच, तिकिटाच्या शेजारच्या चौकोनात जाहिरात छापलेली असायची.

ह्या पुस्तिका संग्राहक एवढ्या का शोधतात? कारण साधं आहे. पुस्तिका वापरण्यासाठीच असायची. लोक तिकिटं फाडून लावत आणि वेष्टन टाकून देत. त्यामुळे जुनी, पूर्ण, न फाडलेली पुस्तिका क्वचितच उरते. त्यातलं एक तिकीट सुटं काढलं, की पुस्तिकेची किंमत उतरते. पहिला धडा इथेच आहे : वस्तू जशी आहे तशी, पूर्ण ठेवायची. आपल्या पेटीतल्या पाकिटालाही हाच नियम लागू होतो.

दुसरा धडाही जर्मनीचाच. १९२३ साली त्या देशात महागाई इतकी भडकली, की पैशाला काही किंमतच उरली नाही. तिकिटांवरचे आकडे फुगत फुगत पन्नास अब्ज मार्कांपर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबाने पाच हजार कोटींपर्यंत गेले. साधं पत्र टाकायला एवढे पैसे! आज त्यातली बहुतेक कोरी तिकिटं बाजारात स्वस्तात मिळतात, कारण ती ढिगाने छापली गेली होती. उलट त्याच दिवसांत खरोखर पत्रावर लागून पोचलेली पाकिटं जास्त मोलाची मानली जातात. त्यावर खोटे शिक्के मारून विकणारेही झाले, म्हणून जाणकार लोक ती तपासून घेतात. मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. तिकिटावरचा आकडा मोठा म्हणून ते मोलाचं नसतं आणि जुनं आहे म्हणूनही नसतं. किती उरली आहेत, कशा अवस्थेत आहेत आणि कुणाला हवी आहेत, यावर मोल ठरतं.

आता आपली पेटी उघडूया. पाकीट कुठल्या काळातलं आहे, हे ओळखायला काही सोप्या खुणा आहेत.

तिकिटावर ‘आणे’ लिहिलेलं असेल तर ते साधारण १९५७ च्या आधीचं. त्या वर्षी १ एप्रिलला दशमान पद्धत आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले. ‘नये पैसे’ लिहिलेलं असेल तर ते १९५७ नंतरचं. १९६४ साली ‘नये’ हा शब्द गेला आणि नुसता ‘पैसे’ राहिला. पाच पैशांच्या एखाद्या तिकिटावर ‘शरणार्थी सहायता’ असा छाप दिसला तर ते १९७१ च्या सुमाराचं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी सरकारने तेव्हा प्रत्येक पत्रावर पाच पैसे जास्तीचे घेतले होते. म्हणजे आपल्या सासूबाईंनी माहेरी टाकलेल्या पत्रातूनही पाच पैसे त्या मदतीला गेले असतील.

पत्त्यात सहा आकड्यांचा पिनकोड नसेल तर पत्र बहुधा १९७२ च्या आधीचं. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते.

आणि आपल्या भागासाठी एक खास खूण. पत्त्यात ‘जि. कुलाबा’ लिहिलं असेल तर बघा. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. पनवेल, उरणकडच्या जुन्या पाकिटांवर ‘कुलाबा’ सापडतो. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहिलं. त्या आधीच्या पाकिटावर फक्त गाव, पोस्ट आणि तालुका असतो. सेक्टर नाही, नोड नाही, प्लॉट नंबर नाही. ‘मुक्काम अमुक, पोस्ट तमुक’ एवढ्यावर पोस्टमन घर शोधायचा. गाव तेव्हा कसं होतं, याचा हा पुरावा आहे आणि तो तुमच्याच पेटीत आहे.

म्हणून पहिली विनंती. तिकीट काढायच्या नादात पाकीट कापू नका. तिकीट, त्यावरचा गोल शिक्का, पत्ता आणि आतलं पत्र हे सगळं मिळून गोष्ट पूर्ण होते. शिक्क्यावर पोस्टाचं नाव आणि तारीख असते. जमिनीच्या, भरपाईच्या किंवा कोर्टाच्या पाकिटांना तर हातही लावू नका. नोटीस कधी निघाली, कधी पोचली, याची खूण त्या शिक्क्यात असते. पावतीवर चिकटवलेलं लहानसं रेव्हेन्यू तिकीट वेगळं. ते टपालाचं नाही. तेही पावतीवरून सोडवू नका, कारण पावती त्याच्यासकटच कामाची.

नुसती साधी पाकिटं असतील, त्यांवर पत्ता किंवा मजकूर जपण्यासारखा नसेल, तर तिकिटं सोडवायला हरकत नाही. रीत अशी. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून तुकडा कापायचा. परातीत स्वच्छ, कोमट पाणी घेऊन त्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्यायचा. डिंक सुटला, की तिकीट आपोआप वेगळं होतं. ओढायचं नाही. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या भांड्यात ठेवायचे, नाहीतर लाल-हिरवा रंग बाकीच्या तिकिटांना लागतो. मग जुन्या सुती कापडावर चित्र खाली करून सावलीत वाळवायचं आणि वाळल्यावर जाड पुस्तकात दाबून ठेवायचं. कोरं, न वापरलेलं तिकीट मात्र पाण्यात कधीच टाकू नका. मागचा डिंक गेला, की त्याचं मोल उतरतं. आणि सोडवलेलं वापरलेलं तिकीट पुन्हा दुसऱ्या पत्राला लावायचं नाही. तो गुन्हा आहे.

तिकीट बोटांनी धरायचं नाही. आपल्या बोटांना घाम असतो, तेल असतं, कधी हळद असते. बोथट टोकाचा चिमटा वापरा. तिकिटाच्या कडेचे दाते मोडले, की ते तिकीट अधू झालं म्हणून समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं : पावसाळा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम फुटतो. कागद हवेतलं पाणी पितो, त्यावर बुरशी धरते आणि तपकिरी ठिपके पडतात. असे ठिपके एकदा पडले, की घरच्या उपायांनी जात नाहीत. कोऱ्या तिकिटांचा डिंक ओला होऊन ती एकमेकांना घट्ट चिकटतात. आणि कसर आली, की कागदाला जाळी पडते. यावर काय करायचं?

पेटी बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. जमिनीवर तर नकोच, खाली दोन विटा किंवा पाट ठेवा. स्वयंपाकघरात वाफ असते आणि देव्हाऱ्यापाशी उदबत्तीचा धूर, म्हणून त्या दोन्ही जागा नकोत. घरातली सर्वांत कोरडी, मधल्या भिंतीची जागा बघा.

नव्या चपलांच्या खोक्यात किंवा औषधाच्या डब्यात दाण्यांच्या छोट्या पुड्या येतात. तेच सिलिका जेल. त्या फेकू नका, कागदाच्या डब्यात एका कोपऱ्यात ठेवा. निळे दाणे असतील तर ओल शोषल्यावर ते गुलाबी होतात. मग त्या बदला. लहान मुलांच्या हाती मात्र लागू देऊ नका. डांबराच्या गोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका.

डबा वर्षभर बंद ठेवू नका. ऑक्टोबरचं कोरडं ऊन पडलं, की एक दिवस सगळं बाहेर काढून सावलीत, पंख्यापासून दूर पसरून ठेवा. पापड उन्हात घालतो तसं हे उन्हात घालायचं नाही. उन्हाने रंग उडतो. पानं उलटताना कसर किंवा वाळवी दिसते का ते बघा आणि लागलेला कागद लगेच वेगळा करा.

जर्मन पुस्तिकेसारखी पिन मारलेली जुनी वस्तू असेल, जसं पासबुक, रेशनकार्ड किंवा पावतीपुस्तक, तर पिनेचा गंज कागद खातो. पिन जोर लावून उपटू नका, कागद फाटेल. ती वस्तू स्वतंत्र कोऱ्या पाकिटात, कोरड्या जागी ठेवा, म्हणजे गंज शेजारच्या कागदांना लागणार नाही.

आणि चार गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. चिकटपट्टी लावायची नाही. ती पिवळी पडते आणि कागद घेऊन निघते. तिकिटामागे फेविकॉल लावायचा नाही. लॅमिनेशन करायचं नाही, कारण ते परत सोडवता येत नाही. आणि उग्र वासाच्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवायचं नाही. असं प्लॅस्टिक कालांतराने चिकट होतं. तिकिटांचा अल्बम घेता आला तर उत्तम. नाही जमलं तर कोऱ्या पांढऱ्या कागदाची पाकिटं घरी करा. पाकिटावर आधीच पेन्सिलीने नाव लिहा आणि मग आत वस्तू ठेवा. तिकिटावर किंवा पत्रावर काहीही लिहू नका.

हे सगळं जपून करायचं काय? मांडायचं. आपल्या बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, शाळेच्या कार्यक्रमात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात एक टेबल पुरे. मांडायची रीत सांगते.

एकच विषय घ्या. ‘आमच्या गावाचा पत्ता’ असा विषय घेतला, तर जुन्या पाकिटांवरचे पत्ते वर्षांप्रमाणे लावता येतील : आधी कुलाबा, मग रायगड, आधी पिनकोड नाही, मग आला. दुसरा विषय ‘तिकिटावरच्या बायका’. स्वतंत्र भारतात १९५२ साली संतकवींच्या तिकिटांत मीराबाई आली. १९५७ साली राणी लक्ष्मीबाई, १९८९ साली पंडिता रमाबाई, १९९६ साली अहिल्याबाई होळकर आणि १९९८ साली सावित्रीबाई फुले. बायकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घालवलेले धोंडो केशव कर्वे १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, हयात असताना तिकिटावर आले. आधी कुणाला जागा मिळाली, नंतर कुणाला, मध्ये किती वर्षं गेली, यावरच बैठकीत तासभर बोलणं होईल.

कागद पांढरा घ्या. एका पानावर चार-पाचच वस्तू ठेवा, गर्दी नको. प्रत्येकीखाली चार ओळी लिहा : काय आहे, कधीचं आहे, कुणाकडून आलं, कुठे सापडलं. मोठ्या प्रदर्शनांतही असंच असतं. एका फ्रेममध्ये साधारण सोळा पानं लावतात आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक गोष्ट पुढे जाते. भिंतीवर लावायची ती झेरॉक्स किंवा रंगीत छापलेली प्रत. मूळ वस्तू अल्बममध्ये, टेबलामागे बसलेल्या बाईच्या ताब्यात. भिंतीवर कायमचं टांगलेलं तिकीट दोन-चार वर्षांत फिकट पडतं.

एक सावधगिरी. पत्र म्हणजे कुणाचं तरी मन असतं. सासरी झालेला जाच, आजार, कर्ज हे पत्रांत असतं. जिने लिहिलं किंवा जिला आलं, तिला विचारल्याशिवाय आतला मजकूर मांडू नका. बाहेरचं पाकीट पुरे. जमिनीचे सर्व्हे नंबर, खाते नंबर, आधारचे कागद टेबलावर ठेवायचेच नाहीत.

घरातल्या आजींना शेजारी बसवा. गिरणीत कामाला असलेल्या आजोबांची मनीऑर्डर यायची, त्या फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहिलेल्या असायच्या. तो तुकडा बायकांनी जपलेला असतो. पत्र वाचून कोण दाखवायचं, उत्तर कोण लिहून द्यायचं, तार आली की घरात काय व्हायचं, हे त्यांनाच ठाऊक. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आज शाळेत जाणाऱ्या मुलींना तार म्हणजे काय हे सांगावं लागतं. आजी सांगतील ते वहीत उतरवून घ्या. त्या वहीशिवाय नुसती पाकिटं मुकी राहतील.

आता पैशाची गोष्ट, आणि ही कान देऊन ऐका. ‘तुमच्याकडचं जुनं नाणं, नोट, तिकीट द्या, लाखो रुपये मिळतील’ असे फोन आणि मेसेज येतात. आधी नोंदणीचे पैसे भरा, मग कमिशन भरा, मग कर भरा, असं करत बाईच्या खात्यातली बचत जाते. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाखाली पैसे मागणारे लोक निघाले, तेव्हा २०२१ साली बँकेने स्वतः जाहीर केलं, की आपण असा व्यवहार करत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. तिकिटांच्या बाबतीतही तीच अक्कल वापरायची. ज्याला खरोखर विकत घ्यायचं आहे, तो तुम्हाला पैसे देईल. तो तुमच्याकडून आधी पैसे मागणार नाही. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. आणि दारावर आलेल्या माणसाला अख्खी पेटी तोलून द्यायची नाही. विकायचंच असेल तर आधी दोन-तीन जाणकारांना दाखवा आणि एकटीने नाही, गटातल्या दोघींना घेऊन जा.

खरं सांगायचं तर आपल्या पेटीतली बहुतेक तिकिटं साधीच असतात. लाखो छापलेली, रोजच्या वापरातली. त्यांतून घर बांधलं जाणार नाही. पण मुलांना त्यातून एक वाट मिळू शकते. टपाल खात्याची ‘दीनदयाल स्पर्श’ नावाची शिष्यवृत्ती आहे. २०१७ साली सुरू झाली. सहावी ते नववीच्या, तिकीट संग्रहाची आवड असलेल्या मुलांना निवड झाल्यावर वर्षाला सहा हजार रुपये मिळतात. त्यासाठी शाळेत तिकीट संग्रहाचा क्लब किंवा मुलाचं पोस्टात तिकिटांसाठीचं ठेव खातं लागतं, आणि अभ्यासात गुणही लागतात. नेमक्या अटी आणि तारखा मोठ्या पोस्टात विचारा. नवी मुंबईतून हार्बर लाइनने सीएसएमटीला उतरलं, की जवळच मुंबईचं मोठं पोस्ट आहे, १९१३ साली बांधून झालेलं, विजापूरच्या गोलघुमटासारखा घुमट असलेलं. तिथे तिकीट संग्राहकांसाठी वेगळा विभाग आहे. गटाची सहल तिथे नेता येईल. मुलींना सोबत घ्या.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एकच पाकीट आणायचं. दोन नको, एकच. ते कोरड्या कागदात गुंडाळून आणायचं. त्यावरचं तिकीट, शिक्का, पत्ता बघून ते कधीचं असेल याचा अंदाज सगळ्या जणी मिळून करायचा. ज्यांच्या घरी बांधकाम निघालं असेल, त्यांनी मात्र बैठकीची वाट बघू नका. पेटी आजच शेजारणीकडे, कोरड्या जागी हलवा. रद्दीवाला दारात आला, की विचार करायला वेळ मिळत नाही.